चालू फोन : एक

थांबाबाईंना हे नाव नेमकं कुणी ठेवलं, यावरून त्या कचेरीत दोन तट होते. वरच्या मजल्यावरचे म्हणायचे, आम्ही. चहावाला म्हणायचा, मी. नाव मात्र अगदी चपखल बसलं होतं. काहीही विचारा, बाईंचं पहिलं उत्तर "थांबा, बघते." मग त्या खरोखरच बघत, आणि तोवर विचारणाऱ्याला थांबण्यावाचून गत्यंतर नसे. घरीही तीच तऱ्हा. नवरा शिंपी, जिभेची धार कात्रीइतकीच. तो आल्यागेल्याला सांगायचा, "हिनं लग्नाला हो म्हणायला सात महिने लावले. तेवढ्यात माझा लग्नाचा कोट मला होईनासा झाला. उसवून पुन्हा शिवावा लागला." नणंद त्यात भर घालायची की वहिनी दिवा लावतानासुद्धा बटणाला विचारून लावते.

कचेरी म्हणजे मदतीचा फोन होता. ज्यांना मनातलं घरात कुणाला सांगता येत नाही, ज्यांना उद्याचा दिवस काढणं नको झालंय, अशा माणसांनी तिथे फोन करायचा. वरच्या मजल्यावर काचेच्या सहा खोल्या. खोल्या कसल्या, एक खुर्ची आणि एक माणूस मावेल एवढी खोकीच ती. त्यांत कानाला हेडफोन लावून सहा ऐकणारे बसत. त्यांचा नियम एकच होता आणि तो जिन्याजवळच्या पाटीवर लिहिला होता : आपण आधी फोन ठेवायचा नाही. समोरचा ठेवेल तेव्हाच तो फोन संपला.

बाईंची जागा तळमजल्यावर, मशीनच्या खोलीला लागून. बाहेरून सहा लाइनी येत, मशीनवरचा प्रोग्राम फोन उचले, वर कोण मोकळं आहे ते बघे आणि जोडून देई. या प्रोग्रामची देखभाल करणं हे बाईंचं काम. त्या काही कॉलेजातून हे शिकून आल्या नव्हत्या. आल्या होत्या टायपिस्ट म्हणून. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आधीचा इंजिनिअर अचानक नोकरी सोडून गेला तेव्हा, त्याच्या टेबलावरचा सतरा पायऱ्यांचा कागद त्यांच्या हातात आला. प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवायची तर या सतरा गोष्टी क्रमानं हातानं करायच्या. एक चुकली की सगळ्या कचेरीच्या तोंडचं पाणी पळायचं. बाईंनी दोन वर्षं तो कागद वापरला, पुस्तकं आणली, रात्री नवऱ्याच्या मशीनच्या खडखडाटात वाचली, आणि मग त्या सतराही पायऱ्या एका स्क्रिप्टमध्ये बांधल्या. आता एक बटण दाबलं की स्क्रिप्ट आपणहून नवा प्रोग्राम तयार करी, तपासून बघी, जुन्याला थांबायला सांगी, तो थांबला की नवा त्याच्या जागी बसवून सुरू करी.

यातली अवघड पायरी कुठली, असं विचारलं तर कुणीही म्हणेल, तयार करणं. बाई म्हणत, थांबायला सांगणं. कारण थांब म्हटल्याबरोबर तो प्रोग्राम थांबत नसे, आणि थांबूही नये. नवे फोन घेणं बंद करायचं, त्यांना नुसतं 'थोड्या वेळानं फोन करा' ऐकवायचं, चालू असलेले संपू द्यायचे, आणि मगच डोळे मिटायचे, असं त्याचं वागणं ठरवलेलं होतं. तोवर स्क्रिप्टनं वाट बघायची. बाईंच्या पडद्यावर दर पाच सेकंदांनी एक ओळ उमटे, बाईंनीच लिहिलेली : "जुना थांबण्याची वाट बघत आहे. चालू फोन : तीन." मग दोन. मग एक. सहसा आठ-दहा मिनिटांचा मामला. वर पिवळा दिवा लागायचा आणि मोकळे झालेले ऐकणारे एकेक करून चहाला खाली उतरायचे. नवा प्रोग्राम चढवण्याला सगळे बिल्ड म्हणत, म्हणून त्याला बिल्डचा चहा असंच नाव पडलं होतं.

आता बाईंच्या पोटात चार वर्षं रुतून बसलेली गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्यांदा स्क्रिप्ट लिहिली तेव्हा त्यांनी वाट बघण्याला मर्यादा घातली होती. पुस्तकात तसंच लिहिलं होतं की अनंतकाळ थांबू नये, एखादा प्रोग्राम अडकूनही बसतो, ठरावीक वेळानंतर तो सरळ मारावा. बाईंनी महिनाभराचे फोन मोजले. सरासरी सहा मिनिटं. सढळ हातानं दहा मिनिटं द्यावीत म्हणून त्यांनी सहाशे सेकंद असा आकडा टाकला आणि स्वतःवर खूश झाल्या. तिसऱ्याच बिल्डला, सहाशे सेकंद भरले त्या क्षणी, स्क्रिप्टनं सांगितलेलं काम चोख केलं.

पाच मिनिटांनी मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, ऐकणाऱ्यांमधल्या सगळ्यांत जुन्या. हेडफोन गळ्यातच, तार लोंबत होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माणूस बोलायला लागला होता गं. 'माझ्या घरात' एवढं म्हणाला, आणि गेला."

फोन करणाऱ्याचा नंबर तिथे ठेवत नसत, तोही नियमच. उलटा फोन करायला काही मार्ग नव्हता. बाईंनी त्याच दिवशी सहाशेचा आकडा काढून टाकला आणि त्या जागी कसलाच आकडा घातला नाही. त्या रात्री ताटावरून तशाच उठल्या. नवऱ्याला सगळं सांगितलं. एरवी तो जिभेला कधी सुट्टी देत नसे, त्या दिवशी बराच वेळ कापडावर खडू फिरवत राहिला आणि म्हणाला, "कापलं ते कापलं. इथून पुढं माप घेतल्याशिवाय कात्री नको लावूस."

तर आजची गोष्ट अशी. सकाळपासून प्रोग्राम फोन उचलायलाच वेळ लावत होता. दहा-दहा, बारा-बारा वेळा वाजू देई. तिथे फोन करणारी माणसं आधीच हात मागे घेण्याच्या बेतात असतात. ती बारा वेळा वाजेपर्यंत कशाला धीर धरतील? बाईंनी जेवण बाजूला सारून दोष शोधला, दुरुस्त केला, आणि दोन वाजता बटण दाबलं. नवा तयार झाला, तपासून झाला, जुन्याला थांब म्हणून निरोप गेला. वर पिवळा दिवा लागला. चालू फोन चार, मग तीन, आणि पुढच्या दोन मिनिटांत एक.

आणि एकच राहिला.

चहा येऊन गेला. पंचवीस मिनिटं झाली. मिनिटसाहेब आपल्या खोलीतून बाहेर आले. हे नवे व्यवस्थापक, तीन महिन्यांपूर्वी आलेले. सगळं मिनिटांत मोजायचे म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना पंखा चालू आहे का विचारलं तरी किती वेळापासून ते सांगायचे.

"अडकलाय तो," पडद्याकडे बघत ते म्हणाले. "फोन करणाऱ्याच्या फोन करणाऱ्याच्या आवाजाचा काटा बघा. सतरा मिनिटं जागचा हललेला नाही. कुणी बोलत नाहीये. लाइन मेलेली आहे."

"थांबा, बघते," बाई म्हणाल्या आणि जिना चढल्या.

शेवटच्या खोक्यात मास्तरीणबाई बसल्या होत्या. हेडफोन कानाला, डोळे मिटलेले, ओठ बंद. बाई काचेजवळ गेल्या. मास्तरीणबाईंनी डोळे न उघडताच पंजा वर केला, वर्गात गडबड झाल्यावर करतात तसा. मग समोरची वही उचलून काचेला टेकवली. वहीवर मोठ्या अक्षरात एकच शब्द होता : "आहे."

बाई खाली आल्या. "माणूस आहे," त्यांनी सांगितलं. "बोलत नाहीये, पण आहे."

मिनिटसाहेब खुर्ची ओढून बसले. त्यांच्या हातात कागद होता. "बाई, मी मोजलंय. थांब म्हटल्यापासून एकोणतीस मिनिटं झाली. तेवढ्यात एकोणीस फोन आले. एकोणीसही जणांना 'थोड्या वेळानं फोन करा' असं ऐकू गेलं. तुमचा हा एक माणूस आहे, मान्य. पण त्या एकोणिसांत असा एकही नसेल का?"

हे बाईंना सगळ्यांत जास्त लागलं. साहेब कठोर बोलले असते तर त्या भांडल्या असत्या. पण साहेब बरोबर बोलत होते.

"जुन्यालाच पुन्हा फोन घ्यायला सांगा," साहेब म्हणाले.

"ती सोय नाही त्यात. एकदा थांब म्हटलं की परतीची वाट नाही. करायचं ठरवलंय, दोन वर्षं झाली." बाईंची मान खाली गेली. "माझ्याच यादीत आहे."

"मग मारा त्याला. एक मिनिटात नवा चालू होईल. मी जबाबदारी घेतो. लिहून देतो."

मारायला दोन शब्दांचा हुकूम पुरे होता. बाईंनी हात मांडीवर ठेवले, कीबोर्डपासून लांब. साहेब वाट बघत होते. पडद्यावर ओळी उतरत होत्या, चालू फोन एक, चालू फोन एक. सहाशेच्या त्या दिवशी पडद्यावर काय उमटलं होतं ते त्यांना अजून आठवत होतं : जुना थांबला, सगळं ठीक. हे 'सगळं ठीक' त्यांनीच लिहिलेलं होतं.

"साहेब, मला दहा मिनिटं द्या," त्या म्हणाल्या. "मी वाट बघणार नाही. मी दुसरं काहीतरी करते."

दुसरं काय, ते त्यांना खुर्चीतून उठेपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. जिन्याखालच्या कोनाड्यात इमारतीचे तारवाले काका स्क्रू वेगळे करत बसले होते. मशीन येण्याच्या आधीपासूनचे. बाईंनी त्यांना विचारलं, "काका, पूर्वी वर साधे फोन होते ना? त्यांच्या तारा कुठं गेल्या?"

"जातील कुठं? भिंतीतच आहेत," काका म्हणाले. "तळघरातल्या बोर्डापर्यंत येतात आणि नुसत्या लोंबतात."

"बाहेरच्या लाइनी मशीनवरून काढून त्या तारांना जोडल्या तर?"

"तर वर घंटी वाजेल. दहा मिनिटांचं काम." काकांनी चष्मा वर केला. "पण ताई, तुमचा तो एक फोन चालू आहे ना? तो सहातल्या कुठल्या लाइनीवर आहे?"

पडद्यावर ते दिसत नव्हतं. दोघं तळघरात उतरली. बोर्डावर एक ते सहा अशा चिठ्ठ्या होत्या खऱ्या, पण काकांनीच त्यांच्यावर फुली मारली. "या रंगकाम झाल्यावर कुणीतरी अंदाजानं चिकटवल्यात. यांच्यावर विसंबून तार ओढली तर मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

मग त्यांनी खिशातून मीटर काढला. मोकळ्या लाइनीवर अठ्ठेचाळीस व्होल्ट असतात, फोन उचललेला असला की ते दहाच्या खाली उतरतात. काकांचं सगळं आयुष्य या दोन आकड्यांवर गेलं होतं. बाईंनी तिथल्या भिंतीवरच्या, इमारतीपुरत्या फोनवरून आपल्या टेबलाचा नंबर लावला. साहेबांनी उचलला.

"साहेब, पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत राहा. बदलला तर लगेच ओरडा."

"एक," साहेब म्हणाले.

काकांनी पहिल्या जोडीला टोकं लावली. अठ्ठेचाळीस. दुसरी, अठ्ठेचाळीस. तिसरीवर काटा सातवर उतरला. ही असेल. पण काका टोकं धरूनच उभे राहिले, आणि अर्ध्या मिनिटानं काटा पुन्हा अठ्ठेचाळीसवर चढला. कुणीतरी 'थोड्या वेळानं फोन करा' ऐकून फोन ठेवला होता. एकोणिसांनंतरचा हा विसावा. चौथी, अठ्ठेचाळीस. पाचवीवर सात. काका थांबले. मिनिट गेलं, दोन गेली. सातच.

"ही तुमची," काका म्हणाले. त्यांनी खिशातला रुमाल काढून पाचव्या जोडीला बांधला. "हिला हात नाही लावायचा."

"एक," फोनमध्ये साहेब म्हणाले.

पहिली जोडी सुटली. "एक." दुसरी सुटली. तिसरीचा स्क्रू गंजला होता. काकांनी जोर लावला तसा सगळा बोर्ड हलला आणि रुमालही हलला. फोनमधून काही येईना.

"साहेब?"

काहीच नाही.

"साहेब, आकडा सांगा."

"थांबा, ओळ यायचीय," साहेबांचा आवाज बदलला होता. पाच सेकंद किती लांब असतात ते त्या तळघरात बाईंना कळलं, आणि वर खुर्चीत बसलेल्या मिनिटसाहेबांनाही. "एक. एक आहे. बाई, काकांना सांगा, हळू."

हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून आलं, आणि एवढ्या धास्तीतही बाईंना हसू आलं.

सहावी जोडी सुटली तोवर वर खोक्यांबाहेरच्या लांब टेबलावर कुणीतरी माळ्यावरचे पाच जुने फोन पुसून मांडले होते, आणि ऐकणारे मिळेल त्या खुर्चीवर, मिळेल तो कागद घेऊन बसले होते. तारा जोडल्या गेल्या. पहिली घंटी वाजली तेव्हा बाई जिन्यात होत्या. दुसऱ्यांदा वाजायच्या आत कुणीतरी उचलला. बाई तिथेच पायरीवर बसल्या.

त्यानंतर बाई आपल्या टेबलाशी परत गेल्या. मिनिटसाहेब खुर्चीतून हलले नव्हते. बाईंनी दुसरी खुर्ची घेतली. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. आता घाई करण्याचं काही कारण नव्हतं, तरी भीती गेली नव्हती. मघाशी भीती होती की आकडा तसाच राहील. आता भीती उलटी होती, तो अचानक शून्य होईल आणि का झाला ते कळणार नाही.

"मला वाटलं होतं, काम चालू आहे म्हणजे आवाज असणार," साहेब म्हणाले.

"मलाही वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "एकदा."

तीन वाजून दहा मिनिटांनी आवाजाचा काटा हलला. जेमतेम, केसाएवढा. मग थांबला. मग पुन्हा हलला, आणि या वेळी हलतच राहिला. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं, बघितलं नाही, आणि पुन्हा ठेवून दिलं.

साडेतीनला ओळ आली : "चालू फोन : शून्य." पाठोपाठ दुसरी : "जुना थांबला." स्क्रिप्टनं आपणहून नवा प्रोग्राम बसवला, सुरू केला, स्वतःची पाठ थोपटल्यासारख्या दोन-चार ओळी लिहिल्या आणि गप्प झाली. साहेब दोन्ही हात वर करून म्हणाले, "मी काही दाबलं नाही." वरचे फोन एकेक करून संपले तशा काकांनी तळघरात जाऊन तारा पूर्ववत केल्या. दीड तासाचं हे सगळं नाटक, आणि बाहेरच्या कुणाला पत्ताही नाही.

बाईंना एकच गोष्ट हवी होती आणि ती विचारायची नाही, असा नियम होता. वर बोललेलं वरच राहतं. फोन कसा संपला, त्या माणसानं ठेवला की हातातून पडला, हे फक्त मास्तरीणबाईंना ठाऊक. बाई पडद्यावरच्या जुन्या ओळी उगाच वरखाली करत बसल्या.

पाचच्या सुमाराला मास्तरीणबाई दारात आल्या. हेडफोन गळ्यात, तार लोंबत होती. चार वर्षांपूर्वी उभ्या होत्या तिथेच, तशाच उभ्या राहिल्या.

"तुला ठाऊकच आहे, तिथलं काही सांगायचं नसतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण त्यातलं एक वाक्य माझ्या खात्यातलं नाही. तुझ्या खात्यातलं आहे. म्हणून सांगते."

बाई उभ्या राहिल्या.

"तासभर गप्प होता. नुसता श्वास. मी दर थोड्या वेळानं म्हणत होते, मी आहे. शेवटी बोलला तेव्हा म्हणाला, 'मागे एकदा मी इथं फोन केला होता, तर मधेच कापला गेला. आज कापता का, ते आधी बघत होतो.'"

बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. त्यांनी विचारलं, "तोच का तो?"

"विचारलं नाही. 'माझ्या घरात' अशी मात्र सुरुवात केली त्यानं, आणि या वेळी पुढचं वाक्य पुरं केलं." मास्तरीणबाईंनी गळ्यातली तार गुंडाळली. "नीट निरोप घेऊन फोन ठेवला. उद्या पुन्हा करतो म्हणाला, दुपारी. तुझा उद्या बिल्ड आहे का?"

होता. परतीची वाट जोडायची म्हणून साहेबांनी स्वतः फळ्यावर उद्याची तारीख लिहिली होती, वेळही घातली होती, मिनिटासकट. बाई फळ्यापाशी गेल्या आणि तळहातानं ती पुसून टाकली.

"उद्या नाही," त्या म्हणाल्या. "परवा बघू."